वृद्ध कुत्र्याची दुर्गंधी : कारणे, उपाय आणि आपली जबाबदारी

ग्रामीण महाराष्ट्रात कुत्रा हा केवळ हौसेचा प्राणी नाही. तो घराचा, गोठ्याचा आणि शेताचा राखणदार आहे. मेंढपाळांच्या वाड्याभोवती रात्रभर फिरणारा, उभ्या पिकात रानडुकरांची चाहूल लागताच भुंकून धन्याला जागे करणारा कुत्रा हा शेतकरी कुटुंबाच्या संसारातील एक लहानसा, परंतु उपयुक्त घटक असतो. शहरांतून त्याचे स्थान सोबत्याचे आहे. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र सारखीच आढळते. कुत्रा तरुण असेपर्यंत त्याची वास्तपुस्त होते. तो म्हातारा झाला आणि त्याच्या तोंडाला वा अंगाला वास येऊ लागला, की त्याची जागा ओट्यावरून अंगणात, अंगणातून गोठ्यामागे आणि पुष्कळदा शेवटी गावाच्या शिवेबाहेर जाते.

याच्या मुळाशी एक समजूत आहे. म्हातारपणी वास यायचाच, त्याला इलाज नाही, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः केवळ वय वाढले म्हणून कुत्र्याला असह्य दुर्गंधी येत नाही. अशी दुर्गंधी येऊ लागणे हे बहुधा एखाद्या विकाराचे लक्षण असते. तो विकार हिरड्यांचा असू शकेल, कानाचा वा कातडीचा असू शकेल, मूत्रपिंडाचा किंवा गर्भाशयाचाही असू शकेल. यांपैकी अनेक विकार बरे होणारे आहेत, तर काही असे आहेत की त्यांत दोन-तीन दिवसांची दिरंगाई प्राणघातक ठरते. मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही. ते दुखणे त्याच्या वासातून कळत असेल, तर त्या वासाकडे नाक मुरडून न पाहता त्याचा अर्थ लावणे हेच शहाणपणाचे होय.

वार्धक्य केव्हा सुरू होते?

कुत्र्याचे वार्धक्य त्याच्या आकारमानावर अवलंबून असते. मोठ्या जातींचे कुत्रे सातव्या-आठव्या वर्षीच वार्धक्याकडे झुकतात, तर लहान चणीचे कुत्रे दहा-अकरा वर्षांपर्यंत चांगले चपळ राहतात. या वयात शरीरात काही बदल घडून येतात. सांधे आखडल्यामुळे कुत्र्याला मान वळवून पाठ, शेपटीचे मूळ व मागचे पाय चाटून स्वच्छ ठेवता येत नाहीत. रोगप्रतिकारशक्ती उणावते. कातडीवरील तैलग्रंथींचे कार्य बिघडू शकते. मूत्राशयाच्या तोंडावरील स्नायू सैल पडतात. बसल्या जागेवरून उठणे कष्टाचे झाल्यामुळे तो मलमूत्राच्या जागेजवळच पडून राहतो. म्हणजेच वार्धक्य स्वतः दुर्गंधी निर्माण करीत नाही. ते दुर्गंधीच्या कारणांना वाट मोकळी करून देते. ही वाट कोठे कोठे उघडते, ते क्रमाने पाहू.

तोंड : दुर्गंधीचे सर्वांत मोठे कारण

प्रौढ कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. खाल्ल्यानंतर दातांवर जंतूंचा एक चिकट थर जमतो. तो काढला गेला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच कठीण होऊन त्याचे पिवळट-तपकिरी किटण बनते. हे किटण हिरडीखाली सरकते, हिरडी सुजते, दाताभोवती पोकळी तयार होते आणि तीत प्राणवायूवाचून वाढणारे जंतू ठाण मांडतात. हे जंतू प्रथिनांचे विघटन करून गंधकयुक्त वायू तयार करतात. तोंडाला येणारा कुजकट वास तो हाच. हिरड्यांचा हा विकार तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच बहुसंख्य कुत्र्यांत सुरू झालेला असतो. वार्धक्यात तो विकोपाला जातो इतकेच.

अशा कुत्र्याचे दात हलू लागतात. तो एकाच बाजूने चावतो, भाकरीचा कडक तुकडा तोंडातून खाली टाकतो, पाणी पिताना कण्हतो. वरच्या जबड्यातील मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाल्यास डोळ्याखाली गाठ येते आणि ती फुटून वाहू लागते. पुष्कळांना ती डोळ्याची व्याधी वाटते. पण दुखणे असते दाताचे. यावर उपाय म्हणजे भूल देऊन किटण खरवडून काढणे आणि निकामी दात उपटणे. कुत्रा म्हातारा आहे म्हणून भूल देताच येणार नाही, हे खरे नाही. रक्ताची तपासणी करून आणि हृदय व मूत्रपिंडे यांची स्थिती पाहून पशुवैद्यक तो निर्णय घेतात. दुखरे दात गेल्यावर अनेक कुत्री पूर्वीपेक्षा अधिक चांगले खाऊ लागतात.

येथे एक सावधगिरीची सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. कुत्र्याच्या तोंडातून सारखी लाळ गळत असेल, खालचा जबडा लोंबत असेल, पाणी गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल किंवा वागणूक अचानक पालटली असेल, तर ते रेबीजचेही लक्षण असू शकते. घशात हाड अडकले असेल असे समजून अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालणे जिवावर बेतू शकते. त्याला शक्य तर दूर राहूनच बंदिस्त जागेत ठेवावे आणि तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

तोंडाच्या वासाचे मूळ नेहमी तोंडातच असते असे नाही. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की रक्तात युरिया साचतो आणि श्वासाला मूत्रासारखा किंवा अमोनियासारखा वास येतो. मधुमेह बळावल्यास श्वासाला गोडसर, नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा वास येतो. या दोन्ही विकारांत कुत्रा भरपूर पाणी पितो आणि वरचेवर लघवी करतो. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी तो पीत असेल, म्हणजे १० किलो वजनाचा कुत्रा रोज एक लिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, तर ते नक्कीच गैर आहे असे समजावे. अशा वेळी त्याचे पाणी तोडणे ही घोडचूक ठरते. पाणी नेहमीप्रमाणे द्यावे आणि कुत्र्यास तपासून घ्यावे.

कान

माणसाच्या कानाची नळी जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. या वळणामुळे तेथे ओल व मळ अडकून राहतो. ज्यांचे कान लोंबते आहेत, त्यांच्यात हवा खेळत नसल्याने हा त्रास अधिक होतो. मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेथे वाढली की तपकिरी, मेणचट मळ येतो आणि आंबूस-गोडसर वास सुटतो. जंतूंचा संसर्ग असेल तर पिवळा-हिरवा पू आणि उग्र दुर्गंधी येते. कुत्रा डोके एका बाजूस कलते ठेवतो, कान झाडतो, पायाने खाजवतो. वारंवार कान झाडल्यामुळे कानाच्या पाळीत रक्त साचून ती फुग्यासारखी सुजते.

कानात गोडे तेल ओतणे, काडीला कापूस गुंडाळून आत घालणे, हायड्रोजन पेरॉक्साइड टाकणे हे प्रकार टाळावेत. काडीमुळे मळ अधिकच आत ढकलला जातो आणि पडदा फाटलेला असल्यास आत गेलेल्या औषधामुळे बहिरेपण येऊ शकते. म्हणूनच प्रथम पशुवैद्यकाने कान आतून पाहणे आवश्यक असते. त्यानंतर त्यांनी सांगितलेला द्रव कानात घालून बुडाशी हलकेच चोळावे, कुत्र्याला डोके झाडू द्यावे आणि वर आलेला मळ स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावा.

कातडी व केस

कुत्र्याच्या अंगावर माणसासारखा घाम येत नाही. घर्मग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांना असतात. कातडीचे रक्षण तैलग्रंथींतून पाझरणारा स्निग्ध थर करतो. तो प्रमाणाबाहेर झाला, की केस तेलकट होतात, कोंडा पडतो आणि खवट तेलासारखा वास येतो. त्यावर बुरशी व जंतू पोसले जातात. हा प्रकार वारंवार होऊ लागल्यास कंठग्रंथीचे कार्य मंदावले आहे काय, हे तपासून पाहावे लागते. वय झालेला कुत्रा सुस्तावला, खाणे न वाढता लठ्ठ झाला आणि शेपटीवरचे केस गळू लागले, तर ही शंका विशेष बळावते.

गोचीड, पिसवा आणि खरजेचे सूक्ष्म कीटक हेही कातडी बिघडविणारे शत्रू आहेत. ज्याला खेड्यात लूत म्हणतात, ती म्हणजे या कीटकांचा उपद्रव होय. तिच्यावर आज प्रभावी औषधे उपलब्ध आहेत. खरजेचा एक प्रकार माणसालाही खाज आणतो, म्हणून लूत लागलेल्या कुत्र्याला हाकलण्यापेक्षा त्याच्यावर उपचार करणे कुटुंबाच्याही हिताचे असते.

शेपटीखालच्या ग्रंथी

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, थोडे खालच्या अंगाला, दोन लहान पिशव्या असतात. शौचाच्या वेळी दाब पडून त्यांतील द्रव बाहेर येतो. कुत्री एकमेकांना ओळखतात ती बऱ्याच अंशी या गंधावरून. वार्धक्यात स्नायू सैल झाले, शौच पातळ होऊ लागले किंवा लठ्ठपणा आला, की या पिशव्या नीट रिकाम्या होत नाहीत. मग सडक्या मासळीसारखा तीव्र वास येतो आणि कुत्रा जमिनीवर ढुंगण घासत चालतो. याला सर्वत्र जंताचे लक्षण मानतात आणि जंताच्या गोळ्यांवर गोळ्या दिल्या जातात. वास मात्र जात नाही. पशुवैद्यक या पिशव्या दाबून दोन मिनिटांत रिकाम्या करू शकतात. उपेक्षा झाल्यास तेथे गळू होऊन फुटते. वृद्ध कुत्र्यांत या ठिकाणी क्वचित कर्करोगाची गाठही आढळते, म्हणून एकाच बाजूस टणक सूज असेल तर ती अवश्य दाखवावी.

मूत्र आणि गर्भाशय

झोपेत लघवी होणे हा वृद्ध कुत्र्याचा, विशेषतः शस्त्रक्रिया झालेल्या मादीचा, नेहमीचा त्रास आहे. ताज्या मूत्राला फारसा वास नसतो. त्यातील युरियाचे जंतूंमुळे अमोनियात रूपांतर होते तेव्हा वास सुटतो. ओल्या अंथरुणावर पडून राहिल्याने मांड्या व पोट यांची कातडी भाजल्यासारखी लाल होते. कुत्रा मुद्दाम असे करीत नाही. त्याला मारणे निरर्थक तर आहेच, शिवाय क्रूरपणाचेही आहे. या विकारावर औषधे आहेत. मात्र त्याआधी मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा वा मधुमेह नाही, याची खात्री करून घ्यावी लागते.

शस्त्रक्रिया न झालेल्या प्रौढ मादीच्या बाबतीत एका धोक्याकडे विशेष लक्ष वेधणे जरूर आहे. माज येऊन गेल्यानंतर साधारणतः एक ते दोन महिन्यांच्या आत तिच्या गर्भाशयात पू साचू शकतो. या रोगाला पायोमेट्रा म्हणतात. मादी मलूल होते, खाणे सोडते, फार पाणी पिते, उलट्या करते. योनिमार्गातून दुर्गंधियुक्त स्राव जातो. कधी गर्भाशयाचे तोंड मिटलेले राहते. तेव्हा स्रावही दिसत नाही, वासही येत नाही, केवळ पोट फुगते, आणि हाच प्रकार अधिक घातक असतो. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया वेळेवर झाल्यास बहुतेक माद्या वाचतात. उशीर झाल्यास विष रक्तात भिनून मृत्यू ओढवतो. तरुणपणी निर्बीजीकरण केलेल्या मादीला हा रोग सहसा होत नाही, आणि पहिल्या माजापूर्वी ते केल्यास स्तनांच्या गाठींचा धोकाही फार मोठ्या प्रमाणात कमी होतो.

जखमा, गाठी आणि अळ्या

वृद्ध माद्यांच्या स्तनांत येणाऱ्या गाठी वाढून फुटल्या, की त्यांना असह्य वास येतो. गाठ लिंबाएवढी होण्याची वाट न पाहता ती हरभऱ्याएवढी असतानाच दाखविली, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. नर वा मादीच्या जननेंद्रियातून रक्तमिश्रित, दुर्गंधियुक्त स्राव येत असेल, तर ती समागमातून पसरणारी गाठ असू शकते. भटक्या कुत्र्यांत ती सर्रास आढळते. दिसावयास ती भयंकर असली, तरी आठवड्याच्या अंतराने दिलेल्या काही इंजेक्शनांनी बहुधा पूर्ण बरी होते.

उष्ण व दमट दिवसांत, विशेषतः पावसाळ्यात, सर्वांत भयानक प्रसंग म्हणजे जखमेत अळ्या पडणे. माश्या जखमेच्या कडेला अंडी घालतात. बारा ते चोवीस तासांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांस पोखरीत आत शिरतात. मान, कान, पाठ, शेपटीचे मूळ या जागा म्हाताऱ्या कुत्र्याला चाटता येत नाहीत, आणि नेमक्या तेथेच अळ्या पडतात. कुजलेल्या मांसाचा वास, लहानसे भोक आणि त्यातून सतत पाझरणारे पाणी ही त्याची खूण होय. यावर रॉकेल, फिनाइल किंवा कीटकनाशक पावडर टाकण्याची प्रथा आहे. त्यामुळे उघडे मांस भाजते आणि विष अंगात शोषले जाते. अळ्या चिमट्याने काढणे, जखम धुणे व योग्य औषध देणे हे काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. दवाखाना दूर असेल, तर तोवर जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने झाकावी, जेणेकरून नव्या माश्या बसणार नाहीत.

आहार

पोटातील वायूमुळे येणारा वास बहुधा खाण्याशी निगडित असतो. अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही. शिळे, आंबलेले, तेलकट किंवा मसालेदार अन्नही त्यांना बाधते. म्हाताऱ्या कुत्र्यास दिवसातून एकदाच पोटभर देण्याऐवजी दोन-तीन वेळा थोडे थोडे, ताजे व मऊ अन्न द्यावे. भाकरी वा भात यांच्या जोडीला उकडलेले अंडे किंवा शिजवलेले मांस असावे. मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच ठरवावा. अन्नात बदल करावयाचा तर तो आठवडाभरात हळूहळू करावा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला अपायकारक आहेत. शिजवलेली हाडे चिरफळून आतड्यात रुततात, तीही देऊ नयेत.

रोजची निगा

उपचार पशुवैद्यकांचे असले, तरी निगा घरच्यांनीच राखावयाची असते. ती फार खर्चाची नाही. रोज एकदा कुत्र्याच्या अंगावरून नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवावा. त्यामुळे गाठ, जखम, गोचीड वेळीच सापडते. केस दिवसाआड विंचरावेत आणि शेपटीभोवतालचे व मांड्यांवरचे लांब केस कातरावेत. स्नान तीन ते चार आठवड्यांतून एकदा, ऊन असताना, कोमट पाण्याने घालावे व अंग कोरडे पुसावे. अंगात ओल राहिली तर वास उलट वाढतो. माणसाचा साबण कुत्र्याच्या कातडीला मानवत नाही. औषधी शाम्पू दिला असेल, तर तो सुमारे दहा मिनिटे अंगावर राहू देऊन मग धुवावा, अन्यथा त्याचा गुण येत नाही. दात मऊ ब्रशने किंवा बोटास ओले फडके गुंडाळून घासता येतात. माणसांची टूथपेस्ट मात्र वापरू नये. ज्याच्या हिरड्या दुखत आहेत त्याचे दात घासण्यापूर्वी उपचार होणे आवश्यक आहे.

अंथरूण म्हणून जुनी गोधडी किंवा गोणपाट पुरेसे असते. मात्र दोन जोड असावेत, म्हणजे एक धुवून कडक उन्हात वाळत असताना दुसरा वापरता येतो. मूत्राची जागा प्रथम भरपूर पाण्याने आणि नंतर साबणाने धुवावी. ब्लीचिंग पावडर मूत्रावर थेट टाकू नये, तसेच ती व्हिनेगर किंवा आम्लासोबत कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. कुत्र्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरू शकतात, म्हणून सफाई करताना हातमोजे घालावेत, हातापायांवर जखम असल्यास विशेष काळजी घ्यावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. अत्तर वा सुगंधी पावडर लावून वास झाकल्याने रोग लपतो, बरा होत नाही. घरात उरलेल्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या कुत्र्यास विषारी ठरू शकतात. जनावरांसाठी आणलेले गोचिडांचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यास अंघोळ घालणे अथवा गुरांचे जंताचे इंजेक्शन त्यास देणे, हेही धोक्याचे आहे. दुखऱ्या जागी हात लावल्यास प्रेमळ कुत्राही चावतो, हे ध्यानात ठेवून तपासताना त्याचे तोंड मऊ पट्टीने बांधावे. मात्र धाप लागलेल्या वा उलट्या करणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधू नये.

विलंब नको

श्वासाला मूत्रासारखा किंवा गोडसर वास येऊन कुत्रा खाणे सोडील, मादीला दुर्गंधियुक्त स्राव जाऊन ती मलूल होईल, जखमेत अळ्या दिसतील, तोंडातून वा नाकातून रक्त येईल अथवा लघवी पूर्ण बंद होईल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय मदत मिळविली पाहिजे. कान, दात, कातडी किंवा शेपटीखालच्या ग्रंथी यांच्या तक्रारी काही दिवसांत दाखविल्या तरी चालतात. परंतु महिनोन्महिने लांबणीवर टाकू नयेत. उपचारांपलीकडे गेलेल्या आणि अखंड वेदना भोगणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत पशुवैद्यकांच्या सल्ल्याने त्याला वेदनारहित मरण देणे हाही दयेचाच एक मार्ग आहे. तो निर्णय वासाला कंटाळून नव्हे, तर प्राण्याच्या यातना पाहून घ्यावयाचा असतो.

पंचायत, शाळा व दवाखाना

एका घरातील म्हाताऱ्या कुत्र्याचा वास हा गावाचा प्रश्न कसा होतो, असे कोणी विचारील. तो असा होतो की, घराबाहेर काढलेला कुत्रा नाहीसा होत नाही. तो बाजाराच्या जागी, शाळेच्या आवारात किंवा पाणवठ्याजवळ आसरा शोधतो. त्याला खाऊ घालणारा व लस टोचणारा कोणी उरत नाही. दुखण्याने तो चिडखोर बनतो आणि त्याला दगड मारणाऱ्या मुलाला चावतो. अशा रीतीने एका कुटुंबाने झटकलेली जबाबदारी सबंध गावावर येऊन पडते.

कायद्याची भूमिकाही याबाबत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ३ नुसार प्राण्याच्या सुस्थितीची काळजी घेणे हे तो बाळगणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि उपासमार वा तहान यांमुळे त्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा कलम ११ खाली गुन्हा आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट केले. प्राणी जनन नियंत्रण नियम, २०२३ अन्वये भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर, तर पाळीव कुत्र्यांची जबाबदारी त्यांच्या मालकांवर सोपविण्यात आली आहे.

ग्रामपंचायतींना या दृष्टीने पुष्कळ करता येण्यासारखे आहे. दरवर्षी २८ सप्टेंबर रोजी, लुई पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, जागतिक रेबीज दिन पाळला जातो. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने गावात लसीकरणाचे शिबिर भरविल्यास तेथेच वृद्ध कुत्र्यांचे दात, कान व कातडी पाहून घेता येतील. शिबिरात आलेल्या कुत्र्यांची साधी नोंदवही ठेवली, तर कोणते कुत्रे कोणाचे आहे हे सर्वांना ठाऊक राहते आणि ते सोडून देण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. मेलेल्या कुत्र्याचे शव ओढ्यात वा उकिरड्यावर न टाकता ते खोल पुरण्यासाठी पाणवठ्यापासून दूर जागा नेमून देणे हेही पंचायतीचेच काम आहे.

शिक्षकांचे साहाय्य याहून मोलाचे ठरेल. झोपलेल्या, खात असलेल्या वा आजारी कुत्र्याच्या जवळ जाऊ नये. लूत लागलेल्या कुत्र्याला दगड मारू नये, मोठ्यांना सांगावे. कुत्रा चावल्यास वा त्याचे दात लागल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे, एवढ्या गोष्टी प्रत्येक मुलाला पाठ असल्या पाहिजेत. जखमेवर हळद, चुना वा मिरची भरू नये, हेही त्यांना सांगावयास हवे. मुले या गोष्टी घरी जाऊन बोलतात आणि त्यांचे बोलणे घरात ऐकले जाते.

महाभारताच्या अखेरीस सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे युधिष्ठिराने नाकारले, ही कथा आपल्याकडे लहानथोरांना माहीत आहे. आपल्याला एवढ्या मोठ्या त्यागाची गरज नाही. आठवड्यातून काही तास, दोन जुन्या गोधड्या, वेळेवर घेतलेला पशुवैद्यकाचा सल्ला आणि थोडे धैर्य, इतके पुरेसे आहे. ज्याने दहा-बारा वर्षे आपले दार राखले, त्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्याच्यासाठी ते दार उघडे ठेवणे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे.